दिवसाला दिवस, तासाला तास

सामुदायिक श्रमविनिमय म्हणजे पैसा मध्ये न आणता एकाने दुसऱ्याचे काम करावे आणि त्याची फेड कामानेच व्हावी, अशी व्यवस्था. शेजाऱ्याच्या शेतात एक दिवस राबायचे आणि त्याने आपल्या शेतात एक दिवस राबायचे, हे तिचे सर्वांत जुने रूप. शहरांतून ‘टाइम बँक’ या नावाने चालणाऱ्या संस्था हे तिचे नवे रूप. तिथे कोणी एखाद्या वृद्धाला दवाखान्यात नेऊन आणतो, त्याच्या खात्यावर तीन तास जमा होतात आणि पुढे तेच तास तो मुलाच्या शिकवणीसाठी किंवा घरातला नळ दुरुस्त करून घेण्यासाठी वापरतो. दोन्ही रूपांत एक प्रश्न पहिल्या दिवसापासून उभा असतो. सगळ्यांचा वेळ सारखा धरायचा का? वकिलाने अर्ज लिहून देण्यात घालवलेला तास आणि मजुराने पोटरीभर चिखलात वाकून घालवलेला तास वहीत एकाच आकड्याने मांडायचा का?

जुन्या मुंबई-पुणे महामार्गावरचे चौक हे गाव या प्रश्नाची सगळी अंगे एकत्र दाखवते. खालापूर तालुक्यातल्या या गावातून कर्जतचा रस्ता फुटतो. पनवेल-कर्जत लोहमार्गावर गावाच्या नावाचे स्थानक आहे. वर इर्शाळगड आणि प्रबळगडाच्या अंगाला ठाकरवाड्या आणि कातकरीवाड्या, खाली भाताची खाचरे, जवळच नवी मुंबईला पाणी पुरवणारे मोरबे धरण, रसायनी आणि खोपोलीकडे कारखाने, आणि आता जागोजागी मुंबईकरांची फार्महाऊस. कारखान्यात पाळीवर जाणारा कामगार, रोजावर लावणीला जाणारी बाई, उचल घेऊन वीटभट्टीवर गेलेले कातकरी कुटुंब आणि शनिवारी मोटारीने येणारा अभियंता ही माणसे एकाच परिसरात वावरतात. चौघांनाही दिवसाचे चोवीस तासच मिळतात, पण बाजाराने प्रत्येकाच्या तासाला वेगळा भाव लावला आहे, आणि त्या भावांतले अंतर कित्येक पटींचे आहे. या अंतराला श्रमविनिमयाच्या वहीत जागा द्यायची की नाही, एवढाच खरा वाद आहे.

या भागातल्या भातशेतीत वादाचे एक जुने उत्तर सापडते. उन्हाळ्यात राब भाजून ठेवायचा, मृगाच्या पावसावर त्यात पेरणी करायची, आवण, म्हणजे रोपे, तीन-चार आठवड्यांचे झाले की खणून त्याच्या मुठी बांधायच्या आणि चिखलणी केलेल्या खाचरात लावायच्या, असा भाताचा क्रम. आवण जून झाले तर फुटवे कमी येतात. पाऊस उघडला तर चिखल आळतो. त्यामुळे लावणीचे दिवस मोजके असतात आणि चार माणसांच्या घराला ते काम वेळेत उरकत नाही. म्हणून पाच-सात घरे एकत्र येतात. आज एकाच्या खाचरात, उद्या दुसऱ्याच्या. महाराष्ट्राच्या बऱ्याच भागांत या पद्धतीला सावड म्हणतात, आणि तिचा नियम दिवसाला दिवस असा आहे. कोणी किती मुठी लावल्या हे कोणी मोजत नाही. तरण्या पोराचा दिवस आणि साठीच्या बाईचा दिवस एकच धरला जातो. भिशीत जसा प्रत्येकाचा हप्ता सारखा आणि पाळी मात्र एकेकाची, तसेच हे आहे. इथे हप्ता अंगमेहनतीचा असतो.

ही समता भाबडेपणातून आलेली नाही. सावडीतली घरे एकमेकांना पिढ्यान्‌पिढ्या ओळखतात. धडधाकट माणूस घरी ठेवून दरवेळी पोराला पाठवणारे घर पुढच्या वर्षी सावडीत घेतले जात नाही. कामचुकारपणाला आळा घालणारे हिशेबापेक्षा कडक असे हे साधन आहे, आणि ते हाताशी असल्यामुळेच मुठी मोजण्याचा खटाटोप टळतो. दुसरे असे, की सावडीत दिवसाची फेड साधारणपणे त्याच हंगामात, त्याच कामात व्हायची असते. आषाढातल्या लावणीचा दिवस माघात फेडून चालत नाही, कारण माघातल्या दिवसाला लावणीच्या दिवसाचे मोल नसते. माणसामाणसांत भेद न करणारी ही पद्धत ऋतूऋतूंत मात्र भेद करते. वेळेची किंमत वेळेवरच ठरते हे शेतकऱ्याला कोणी शिकवावे लागत नाही, आणि टाइम बँकांच्या बहुतेक नियमावल्यांत नेमके हेच कलम नसते.

सावडीतले तिसरे तत्त्व सर्वांत महत्त्वाचे. बैलजोडी घेऊन येणाऱ्याचा दिवस आणि नुसत्या हातांनी येणाऱ्याचा दिवस एकसारखा धरत नाहीत. जोडीचे दिवस वेगळे फेडावे लागतात. किती, ते गावागणिक आणि घरागणिक ठरते. पण जोडीवाल्याचा स्वतःचा दिवस म्हणून जास्त मोलाचा होत नाही. जास्तीची फेड असते ती बैलांची, त्यांच्या वैरणीची, वर्षभर त्यांना पोसण्याची. माणसाचा वेळ एका खात्यावर आणि अवजाराचा खर्च दुसऱ्या खात्यावर, ही विभागणी वही न ठेवणाऱ्या लोकांनी केलेली आहे. आता बैलांच्या जागी पॉवर टिलर आला आहे आणि त्याचे भाडे रोख द्यावे लागते. तरी तत्त्व तेच राहते. समान तासाविषयीचा निम्मा गोंधळ ही दोन खाती एकत्र केल्याने होतो. ‘माझा तास जास्त मोलाचा’ असे म्हणणाऱ्याच्या बोलण्यात पुष्कळदा यंत्राचा हप्ता, डिझेल आणि प्रवासखर्च दडलेला असतो. तो वेगळा काढून चुकता केला की माणसाच्या तासाबद्दलची तक्रार बरीचशी निवते.

सावडीशेजारीच इर्जिकही समजून घेतली पाहिजे. एखाद्याचे काम अडले की तो गावाला हाक देतो, लोक आपापली अवजारे घेऊन एका दिवसात काम उरकून देतात आणि संध्याकाळी तो सगळ्यांना जेवू घालतो. यात फेडीचा हिशेबच नसतो. आजारी माणसाचे किंवा घरधनी गेलेल्या बाईचे शेत अशा हाकेवर उभे राहते. तिसरा प्रकार घाटमाथ्यावरचा. कर्जत तालुक्यातल्या खांडसवरून डोंगर चढून गेले की भीमाशंकरचा परिसर लागतो. तिथल्या आंबेगाव आणि जुन्नर तालुक्यांतल्या महादेव कोळी समाजात पडकईची रीत आहे. उन्हाळ्यात अनेक घरांनी मिळून एकेकाच्या उतारावर ताली घालायच्या, दगडी बांध रचायचे आणि भाताची नवी खाचरे तयार करायची. आंबेगावमधल्या शाश्वत या संस्थेने या रीतीला रोजगाराच्या सरकारी योजनांची जोड मिळवून दिली. संस्थेला २०१२ मध्ये संयुक्त राष्ट्रांचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. पडकईतून दिसते ते असे, की समान दिवसांच्या देवघेवीतून केवळ हंगाम निभावला जात नाही, पिढ्यांना पुरणारी जमीनही घडवता येते.

एवढे असले तरी सावडीला सोन्याचा मुलामा देण्याचे कारण नाही. दिवसाला दिवस हा नियम ज्याच्याकडे दिवस परत घेण्याची जागा आहे त्याच्यापुरताच खरा असतो. ज्याला खाचर नाही, त्याने सावडीत दिलेला दिवस कुठे फेडून घ्यायचा? खालापूर-कर्जतमधल्या बहुसंख्य कातकऱ्यांपाशी स्वतःची शेतजमीन नाही किंवा अगदी थोडी आहे. दिवाळीनंतर त्यांतली पुष्कळ कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात. आधी घेतलेली उचल फिटेपर्यंत त्यांचा वेळ त्यांचा नसतोच. अशा माणसाला तुझा तास आमच्या तासाइतकाच आहे असे सांगणे खरे असूनही पोकळ ठरते. तो रोजावर जातो, कारण रोजाचे पैसे दुकानात चालतात आणि सावडीचा दिवस चालत नाही. समान तासाच्या बाजूने लिहिणारे बहुतेक जण इथे थांबत नाहीत. त्यांनी थांबले पाहिजे. तास सारखा मोजण्याआधी तो वटवण्याची सोय सगळ्यांना सारखी आहे का, हे पाहणे अधिक निकडीचे आहे.

इतिहासात तर वेळ असमान धरण्याचीच रीत मोठी होती. त्र्यंबक नारायण आत्रे यांच्या १९१५ मधील ‘गावगाडा’ या ग्रंथात बलुतेदारीचे जे चित्र आहे, त्यात कारूंच्या, म्हणजे बलुतेदारांच्या, थोरली, मधली आणि धाकटी अशा ओळी आहेत आणि ओळीप्रमाणे सुगीतला वाटा ठरलेला आहे. सुताराने किती तास नांगर घडवला, न्हाव्याने किती हजामती केल्या, याला त्यात स्थान नव्हते. मोबदला कामावर किंवा वेळेवर न ठरता जन्मावर ठरत होता. कोकणातल्या खोतीत कुळांकडून आठातला एक दिवस फुकट घेण्याची आठवेठ होती. महार वतनात तर वेळेला मर्यादाच नव्हती. वतनदार आणि त्याचे कुटुंब रात्री-अपरात्री सरकारी कामाला बांधलेले असे, आणि मोबदला म्हणजे तुटपुंजी इनाम जमीन व गावाच्या मर्जीवर मिळणारे बलुते. १९२८ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले. या कामाला मर्यादा आणि निश्चित मोबदला असावा हा त्यामागचा आग्रह होता. कनिष्ठ गावकामगारांची वतने कायद्याने गेली ती १९५८ मध्ये. आजच्या रायगडच्या, म्हणजे तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्याच्या, अलिबाग भागात चरी येथे १९३३ पासून १९३९ पर्यंत नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली कुळांनी जमिनी न कसण्याचा संप केला, तोही फुकट उपसल्या जाणाऱ्या श्रमांविरुद्धच होता. खोती १९४९ च्या कायद्याने संपली; वेठीवर संविधानाच्या २३ व्या अनुच्छेदाने बंदी आली.

हा इतिहास श्रमविनिमयाच्या चर्चेत आणणे आवश्यक आहे, कारण शेजारधर्मात कसला हिशेब, असे म्हणून वेळ मोजण्यालाच विरोध करणारे लोक असतात. त्यांची भावना चांगली असते. परंतु ज्यांचा वेळ शतकानुशतके न मोजता घेतला गेला, त्यांच्यासाठी मोजणी हाच पहिला हक्क आहे. श्रमदान या सुंदर कल्पनेच्या आडूनही कित्येकदा पाटी-फावडे एकाच वाडीच्या हाती जाते आणि छायाचित्रात दुसरेच उभे राहतात. वही असली तर हे लपत नाही.

समतेचा वैचारिक पाया आधुनिक काळात ज्या पुस्तकाने भारतात रोवला, ते जॉन रस्किन यांचे ‘अनटू धिस लास्ट’. बायबलमधल्या द्राक्षमळ्याच्या दृष्टान्तावरून त्याचे नाव आले आहे. दिवस मावळता मावळता कामावर आलेल्या मजुरालाही मळ्याचा मालक पूर्ण दिवसाचीच मजुरी देतो, अशी ती गोष्ट. १९०४ मध्ये जोहान्सबर्गहून डर्बनला जाताना आगगाडीत मोहनदास गांधींनी हे पुस्तक वाचले आणि त्यातून जे सार काढले त्यातले एक कलम असे, की वकिलाच्या आणि न्हाव्याच्या कामाचे मोल सारखेच असावे, कारण कामावर पोट भरण्याचा हक्क दोघांनाही सारखा आहे. त्याच वर्षी डर्बनजवळ वसवलेल्या फिनिक्स वसाहतीत त्यांनी प्रत्येकाला महिना तीन पौंड असा सारखा निर्वाहखर्च ठरवला. वर्ण किंवा राष्ट्रीयत्व यांचा भेद त्यात नव्हता. वसाहतीच्या छापखान्यात काम करणाऱ्या सगळ्यांना मात्र ही व्यवस्था मानवली नाही, आणि ज्यांना मानवली नाही त्यांचे पगार पूर्वीप्रमाणे चालू ठेवावे लागले. समतेचा प्रयोग करताना न पटणाऱ्यांसाठी दार उघडे ठेवणे हा त्या प्रयोगातला शहाणपणाचा भाग होता.

चौकच्या पंचक्रोशीला हा विचार परका नाही. शेजारच्या पेण तालुक्यातल्या गागोदे गावी १८९५ मध्ये जन्मलेल्या विनोबा भावे यांनी शरीरश्रम आणि बौद्धिक श्रम यांच्या मोबदल्यात फरक असू नये असा आग्रह आयुष्यभर धरला, आणि वर्ध्याजवळ नालवाडीत सूतकताईच्या मजुरीवर स्वतः गुजराण करून पाहिली. माथेरानला नाभिक कुटुंबात जन्मलेले विठ्ठल लक्ष्मण उर्फ भाई कोतवाल वकील झाले आणि कर्जत-नेरळ भागातल्या शेतकऱ्यांना सावकाराच्या दारात जावे लागू नये म्हणून धान्यकोठ्या उभारण्याच्या कामात पडले. २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडाच्या जंगलात त्यांना हौतात्म्य आले. गांधींनी तराजूच्या दोन पारड्यांत ठेवलेले न्हावी आणि वकील हे दोन व्यवसाय कर्जत तालुक्यात एकाच घरात, एकाच माणसाच्या आयुष्यात एकत्र आले होते. धान्यकोठीचा मार्ग या भागात पुढेही टिकला. कर्जत तालुक्यातील कशेळे येथील अॅकॅडमी ऑफ डेव्हलपमेंट सायन्स या संस्थेने आदिवासी वाड्यांत धान्य बँका चालवल्या. धान्य परत देता येते, साठवता येते आणि भूमिहीनालाही उपयोगी पडते. श्रमाच्या वहीला धान्याची कोठी जोडली तर कातकऱ्याचा तास वटवण्याची वर सांगितलेली अडचण बरीच सुटू शकेल.

इतर देशांतले प्रयोग थोडक्यात पाहण्याजोगे आहेत. अमेरिकेत सिनसिनाटी येथे जोसाया वॉरन याने १८२७ ते १८३० या काळात असे दुकान चालवले, जिथे माल खरेदीच्या भावाला मिळे आणि दुकानदाराने घालवलेल्या वेळेची फेड गिऱ्हाइकाने आपल्या वेळेने करायची असे. पुढे त्याने एक बदल सुचवला: जे काम अधिक कष्टाचे किंवा किळसवाणे, त्याचा तास अधिक धरावा. शिक्षणाला जास्त भाव देणाऱ्या बाजाराच्या हे नेमके उलट आहे, आणि त्यावर अजूनही पुरेसा विचार झालेला नाही. लंडनमध्ये रॉबर्ट ओवेन यांनी १८३२ मध्ये श्रमाच्या नोटांवर चालणारी देवघेवीची पेढी काढली. ती १८३४ मध्ये बंद पडली. तिच्यात आलेल्या वस्तूंचे तास ठरवताना बाजारातल्या मजुरीचे दर पुन्हा आत शिरले होते.

जपानमध्ये ओसाका येथे तेरुको मिझुशिमा या गृहिणीने १९७३ मध्ये स्वयंसेवी श्रम बँक सुरू केली. तिचा कणा गृहिणीच होत्या. मुले मोठी झाल्यावर हाती येणारा मोकळा वेळ आज दुसरीला द्यावा आणि म्हातारपणी किंवा आजारपणात परत घ्यावा, ही तिची कल्पना. एका तासाला एक गुण, कामात भेद नाही. अमेरिकेत एडगर कान या वकिलाने १९८० च्या दशकात ‘टाइम डॉलर’ ही योजना मांडली, तिचाही मूलमंत्र एक तास म्हणजे एक तास असाच. बाजार ज्यांना टाकाऊ समजतो, म्हणजे वृद्ध, बेरोजगार, अपंग, त्यांच्याकडेही देण्यासारखे काही असते आणि घेणाऱ्याला देणारा बनवल्याशिवाय मदत पूर्ण होत नाही, हा कान यांचा मुद्दा समान तासाच्या बाजूचा सर्वांत बळकट मुद्दा आहे. याउलट न्यूयॉर्क राज्यातल्या इथाका शहरात १९९१ मध्ये निघालेल्या ‘इथाका अवर्स’ या स्थानिक चलनात एका ‘अवर’ची किंमत दहा डॉलर धरली होती आणि दंतवैद्यासारख्या व्यावसायिकाला आपल्या एका तासासाठी अनेक ‘अवर’ मागण्याची मुभा होती. तिथे ‘अवर’ हे नाव उरले, पण व्यवहार चलनाचाच झाला. भारतात मध्य प्रदेश शासनाने २०१९ मध्ये टाइम बँकेची कल्पना स्वीकारली.

समान तासावरचे आक्षेप जुने आहेत आणि त्यांतले काही वजनदार आहेत. अॅडम स्मिथ यांनी १७७६ मध्येच म्हटले होते, की तासाभराच्या कठोर कामात दोन तासांच्या सोप्या कामापेक्षा जास्त श्रम असू शकतात, आणि जो धंदा शिकायला दहा वर्षे लागली त्याच्या एका तासात महिनाभराच्या साध्या मेहनतीहून अधिक काही असू शकते. डॉक्टरच्या तासामागे अनेक वर्षांचे शिक्षण असते. हे खरे आहे. परंतु त्या वर्षांचा खर्च कोणी केला हेही पाहावे लागते. शासकीय महाविद्यालयातल्या शिक्षणाचा मोठा भाग करातून येतो, आणि मोबाइलच्या रिचार्जवर का होईना, कर कातकरीही भरतो. शिवाय कौशल्य फक्त प्रमाणपत्रातच असते असे नाही. डोंगरातला कंद कोणता खावा आणि कोणता विषारी, खेकडा कोणत्या बिळात असेल, सापाच्या वाटा कोणत्या, हे कातकऱ्याचे ज्ञान शिकायलाही बालपण खर्ची पडलेले असते. त्याला पदवी नसल्याने ते कौशल्याच्या यादीत येत नाही. शिक्षणाची वर्षे मोजायची तर दोघांचीही मोजावी लागतील, आणि तसे केले की फरक वाटतो तेवढा उरत नाही.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा: तास समान ठेवले तर जास्त कमावणारे लोक येणारच नाहीत, आणि वही शिकवणी आणि कपडे शिवण्यापलीकडे जाणार नाही. ही भीती अनाठायी नाही. मात्र ज्याला वकिलीची फी हवी त्याच्यासाठी बाजार उघडाच आहे. श्रमविनिमय बाजाराची नक्कल करू लागला तर तो कमी पैशांचा बाजार एवढाच उरतो, आणि त्याची गरज कोणालाही नाही. सातबाऱ्यावरची नोंद, २००६ च्या वनहक्क कायद्याखालचा दावा, निराधार पेन्शनचा अर्ज यांत मदत करणाऱ्या वकिलाचा एक तास आणि त्याच्या आजारी आईपाशी बसलेल्या वाडीवरच्या बाईचा एक तास वहीत बरोबरीने लिहिले, तर वकिलाचे काही बुडत नाही. बाईला मात्र प्रथमच बरोबरीचे स्थान मिळते.

तिसरा आक्षेप कामाच्या वेगाचा. एक जण तासात जेवढे करतो तेवढेच करायला दुसऱ्याला दोन तास लागतात. महाराष्ट्राच्या रोजगार हमी योजनेने या प्रश्नाचे वेगळे उत्तर दिले. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेल्या या योजनेचा कायदा १९७७ मध्ये झाला, तो २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला, आणि मजुरी तासावर न ठरता मोजमापावर, म्हणजे किती माती खणली यावर ठरली. स्त्री आणि पुरुष यांना दर एकच होता. सरकारी तिजोरीतून पैसा जातो तिथे मोजमाप अपरिहार्य आहे. पण त्याचा जाच म्हाताऱ्यांना, गरोदर बायांना आणि मुरमाड जमीन वाट्याला आलेल्या टोळीला सोसावा लागतो, हे त्या कामांवर गेलेल्या कोणालाही माहीत आहे. शेजाऱ्याशेजाऱ्यांच्या देवघेवीत हे मोजमाप आणणे चूक ठरेल; तिथे तास हेच न्याय्य माप आहे.

या सगळ्यापेक्षा मोठा प्रश्न न मोजल्या जाणाऱ्या तासांचा आहे. सावडीच्या दिवशी पंधरा माणसे खाचरात असतात, आणि त्यांची भाकरी-कालवण कोणीतरी पहाटे उठून केलेले असते. ते कोणाच्याच खात्यावर पडत नाही. इर्जिकीच्या जेवणाचे कौतुक होते, ते रांधणारीचे होत नाही. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात, बिनपगारी घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटे घालवत होत्या. असे काम करणारे पुरुष ९७ मिनिटे. २०२४ च्या सर्वेक्षणात हे आकडे अनुक्रमे २८९ आणि ८८ झाले. पाच वर्षांत बाईच्या वाट्याची दहा मिनिटे कमी झाली, तशी पुरुषाच्या वाट्याचीही नऊ कमी झाली. दिवसाचे जवळजवळ पाच तास घरात जाणाऱ्या बाईकडे समाजाला देण्यासाठी उरणारा तास आणि पुरुषाकडे उरणारा तास यांची किंमत वहीत सारखी लिहिली, तरी तो तास काढण्यासाठी बाईला जे सोडावे लागते ते कितीतरी जास्त असते. म्हणून समान तासाचा नियम स्वीकारणाऱ्या कोणत्याही गटाने स्वयंपाक, पाणी भरणे, मुले सांभाळणे आणि आजाऱ्याची शुश्रूषा हे तास पहिल्या दिवसापासून मोजले पाहिजेत. ते वगळून केलेली समता अर्ध्या गावापुरती राहते.

आणि काही तास वहीत लिहायचेच नसतात. १९ जुलै २०२३ च्या रात्री चौकजवळच्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. वाडीपर्यंत रस्ता नव्हता, यंत्रे वर जाऊ शकत नव्हती. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाचे जवान, खालच्या गावांतली पोरे, गिर्यारोहक, खोपोलीहून आलेले स्वयंसेवक भर पावसात चिखलाची पायवाट चढून गेले आणि हातांनी, कुदळी-फावड्यांनी ढिगारा उपसत राहिले. २३ जुलैला शोध थांबला तेव्हा २७ मृतदेह हाती आले होते आणि ५७ जण बेपत्ता होते. त्या दिवसांत कोणाचा तास किती मोलाचा हे विचारणे कोणाच्या मनातही आले नाही. असा वेळ फेडीच्या अपेक्षेने दिलेला नसतो आणि वाचलेल्यांच्या डोक्यावर तो ऋण म्हणून ठेवणे अन्यायाचे होईल. संकटातल्या मदतीला हिशेबाबाहेर ठेवणे हा समान तासाच्या नियमाचाच एक भाग मानला पाहिजे. इर्जिकीने तो पूर्वीच मानला होता.

या साऱ्यातून निघणारा निर्णय स्पष्ट आहे. सामुदायिक देवघेवीत माणसाचा तास माणसाच्या तासाइतकाच धरावा. पदवी, जात, लिंग, पगार यांपैकी कशानेही तो वाढू किंवा घटू नये. अवजार, इंधन, साहित्य आणि प्रवास यांचे खाते वेगळे ठेवावे. हंगामातला तास हंगामातच फेडावा. ज्याच्याकडे जमीन नाही त्याला आपले तास धान्यात, घरदुरुस्तीत, मुलांच्या शिक्षणात किंवा कागदपत्रांच्या मदतीत वटवता यावेत, आणि अशी सोय होईपर्यंत त्याच्याकडून तास मागू नयेत. रोख मजुरीच द्यावी. चौक, कर्जत, खालापूर किंवा अन्य कुठे असा गट सुरू करू पाहणाऱ्यांनी पहिल्या बैठकीला शेतमालकांबरोबर कातकरीवाडीतल्या बायांना बोलवावे आणि कोणते काम वहीत यावे हे आधी त्यांना विचारावे.